मंडळी सोडलेला गळा

आमच्या सुकापुरांत गेल्या आषाढांत एक भांडण झालें. सुकापूर म्हणजे पनवेलपलीकडे, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. गांव म्हणावयाचें तें आतां केवळ जुन्या संवयीनें. चोहोंकडे सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या मधोमध ज्यांचीं शेतें येथें होतीं त्यांचीं घरें व त्यांचें भजनी मंडळ अद्याप टिकून आहे. या मंडळांत एक पंचविशीचा तरुण गात असे. त्यानें गजर उचलला म्हणजे समोरच्या इमारतींतल्या खिडक्या एकेक उघडत, असा त्याचा गळा. या तरुणानें मंडळ सोडलें. घरच्या एका खोलींत बसून, मोबाईलवर स्वतःचें गाणें ध्वनिमुद्रित करून तें तो लोकांपुढें ठेवूं लागला. हळदीचीं बोलावणीं त्याला एकट्याला येऊं लागलीं. आणि त्यानें पहिलेंच गाणें जें बाहेर काढलें तें मंडळाच्या ठेवणींतल्या एका चालीवरचें.

मंडळाचे वृद्ध बुवा माझ्याकडे आले. मी कॉलेजांत शिकवितों एवढ्या आधारावर गांवांतील नाना तऱ्हेचे निवाडे माझ्या दारीं येतात. बुवा म्हणाले, "सर, गळा त्याचा आहे, तो घेऊन जाऊ दे. चाल आमची आहे, ती ठेवून जा म्हणावं." मीं हा निरोप त्या मुलास पोंचविला. तो म्हणाला, "सर, चाल ठेवून गेलो तर गाऊ काय?"

दोघांचेंही बोलणें मला खरें वाटलें, आणि म्हणून मीं त्या दिवशीं कोणताच निकाल दिला नाहीं. (ती चाल मूळची एका जुन्या हिंदी चित्रपटांतील, हें मला मागाहून कळलें. बुवांना तें ठाऊक होतें. त्यांचें म्हणणें असें, कीं तीस वर्षें टाळांखालीं कुटल्यावर ती चित्रपटाची राहिली नाहीं. यांतही तथ्य आहे.)

हा प्रश्न सुकापुरास नवा असेल, मराठी संगीताला तो नवा नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास शाकुंतल रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून पुढें अर्धें शतक महाराष्ट्रांतला गाता गळा बहुधा कोणत्या ना कोणत्या मंडळीच्या आश्रयानें राहिला. 'मंडळी' हा शब्दच पाहावा. आम्ही घरच्या माणसांनाही मंडळी म्हणतों आणि नाटक कंपनीलाही. ही मंडळी एका पंक्तीला जेवी, एका बिऱ्हाडांत राही, एकत्र गांवोगांव हिंडे. आठ-दहा वर्षांच्या वयांत तींत शिरलेल्या मुलाला तिच्यावांचून दुसरें घर नसे. अशा घरांतून जो बाहेर पडला तो 'फुटला' असें लोक म्हणत. फुटणें हें क्रियापद आम्ही मडक्यालाही लावतों आणि साक्षीदारालाही. नटाविषयीं बोलतांना दोन्ही अर्थ एकदमच अभिप्रेत असत.

अशा गायकाविषयीं आमच्या टीकेंत दोन ठराविक मतें ऐकूं येतात. एक मत त्याला कृतघ्न ठरवितें; दुसरें म्हणतें, मंडळीनें त्याच्या प्रतिभेला दावें लावलें होतें, तें त्यानें तोडलें. दोन्ही मतांत माणसाच्या वर्तनाचा विचार आहे, गाण्याचा नाहीं. मंडळी सोडल्यावर तो मंडळींतलीं गाणीं कशीं गाऊं लागला, हें ऐकण्याची तसदी कृतघ्न म्हणणारे घेत नाहींत आणि मुक्त म्हणणारेही घेत नाहींत. माझ्या मतें परीक्षेची जागा तीच आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूस काढली पाहिजे. मंडळी सोडण्याचें उदाहरण म्हणून कोणीही १९१३ सालाचा उल्लेख करील. त्या वर्षीं नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. रिकाम्या झालेल्या त्या किर्लोस्कर मंडळींत पुढें कोवळ्या वयाचे दीनानाथ मंगेशकर आले. १९१८ सालीं तेही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. केशवराव भोसले यांनीं तर त्याआधींच, १९०८ सालीं, अठराव्या वर्षीं ललितकलादर्श स्थापिली होती. परंतु एक मंडळी सोडून दुसरी काढणें याला एकटें होणें म्हणतां येत नाहीं. घर सोडून शेजारींच दुसरें घर बांधणाऱ्याला कोणी संन्यासी म्हणत नाहीं. किंबहुना हे तिघेही मंडळीविना जगूं शकत नव्हते, हाच त्यांच्या या कृतीचा अर्थ. १९२१ सालच्या जुलईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला, त्यांत केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन धनी एका रंगमंचावर येतांच रसिकांची झुंबड उडाली, आणि तीन महिन्यांच्या आंत केशवरावांचा अंत झाला. त्या रात्रीची आठवण पुढें पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, ती मात्र सदैव दोघांच्या गाण्याची आठवण म्हणून, एकट्याच्या नव्हे.

मंडळी गाण्याला काय देत होती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ ती देत असे, हें तर उघडच आहे. पण त्याहून मोठी देणगी प्रसंगाची. मानापमानांतलेंच उदाहरण घ्या. श्रीमंताची लाडकी लेक भामिनी गरीब धैर्यधराचा अपमान करते, आणि पुढें वनमाला हें नांव घेऊन त्याच्यापुढें येते. ही वनमाला म्हणजेच भामिनी, हें थिएटरांतल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक. एकट्या धैर्यधरालाच काय तें ठाऊक नाहीं. या जाणत्या-अजाणत्या अंतरांत तिच्या पदाची निम्मी गोडी सांठलेली असते. पद गातांना ती एक शब्द किंचित् लांबविते, आणि तो शब्द धैर्यधराला एक व प्रेक्षकांना दुसरेंच कांहीं सांगून जातो. हें काम गळ्याचें नव्हे. समोर न समजणारा धैर्यधर उभा आहे म्हणून तें होतें. आतां हेंच पद गालिच्यावर बसून, तंबोऱ्यांमध्यें गावें. धैर्यधर नाहीं, दोन अंकांची तयारी नाहीं. उरतात टेंब्यांची चाल आणि खाडिलकरांचे शब्द, आणि त्या दोहोंच्या मध्यें एक उघडी पडलेली जागा. ती जागा गायक कशानें भरतो?

या जागेची जाणीव रंगभूमीच्या गायकांना प्रथम मैफलीनें करून दिली असें कोणी म्हणेल. मला वाटतें, ती ध्वनिमुद्रिकेनें अधिक निष्ठुरपणें करून दिली. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें. गाणें संपतांच ती स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारते, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. ती गंमत म्हणून ऐकवितात, पण मला तो क्षण फार मोठा वाटतो. रंगभूमीवर नट कधीं स्वतःचें नांव उच्चारीत नाहीं. तो भामिनी असतो, सिंधू असतो. तबकडीवर मात्र नांव हाच गाण्याचा शेवटचा स्वर. शिवाय एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें. वन्समोअर नाहीं, समोर एक कर्णा, आणि १९२५ नंतर एक मायक्रोफोन. ज्यांनीं पांच-सहा तासांच्या नाटकांत हळूहळू तापत जाऊन गावयाचें, त्यांना थंड खोलींत, कोणाच्याही चेहऱ्याकडे न पाहतां, एकदम पेटावें लागलें.

या कसोटीवर बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना मला एक चमत्कारिक अनुभव येतो. तीन मिनिटांच्या त्या पदांतही ते कोणाशीं तरी बोलत असतात. लय सावकाश, तानेचा तुकडा लहान, शब्द स्वच्छ. आणि मुख्य शब्दापूर्वीं एक इवलासा विराम. हा विराम संगीताच्या हिशेबांत बसत नाहीं. समोरच्यानें मान वर करून पाहावें, एवढ्यापुरता तो असतो. समोर कर्णा असला तरी हे थांबतात! माझें मत असें, कीं बालगंधर्व एकटे गायक कधीं झालेच नाहींत. १९३५ सालीं प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटांत ते एकनाथ झाले, पण त्या मार्गानें ते फार पुढें गेले नाहींत. उतारवयांत, शरीर थकल्यावर, ते भजनें गात. तीं ऐकणाऱ्यांत कोणी म्हणत, कीं आवाज राहिला पण नाटक गेलें. मला उलट दिसतें. आवाज झिजला होता आणि नाटक जागच्या जागीं होतें. भजनांत समोर देव होता, आणि देवाशीं बोलतांना ते तसेच थांबत. यांत त्यांची थोरवी आहे, आणि त्यांची मर्यादाही यांतच आहे, असें म्हणण्याचें धाष्टर्य मी करतों. त्यांचें अनुकरण करणारे शेंकडों झाले. तो विराम सर्वांनीं उचलला, पण त्या विरामांत कोणाकडे पाहावयाचें हें फारच थोड्यांना ठाऊक होतें.

दीनानाथांचें अगदीं निराळें. त्यांचा गळा मंडळींत असतांनाही एकटा होता. भावबंधनांतील लतिका काय किंवा रणदुंदुभींतील तेजस्विनी काय, पद सुरू झालें कीं पात्र मागें राही आणि गळा पुढें धांवे. अनपेक्षित वळण, झडप घालणारी तान, ऐकणाऱ्याला सांवरण्याला अवसर नाहीं. असा गायक मंडळी सोडून मैफलींत सुखानें बसेल, असें वाटावें. पण त्यांनीं मंडळी जिवापाड धरून ठेवली. बोलपटाच्या लाटेंत नाटक बुडूं लागलें तेव्हां बळवंत मंडळीच बोलपटाकडे नेली, आणि १९३४ सालच्या कृष्णार्जुन युद्धानें पदरीं तोटा टाकला. १९४२ च्या एप्रिलांत पुण्यास ते वारले, तेव्हां त्यांना बेचाळिसावें वर्ष चालू होतें. ज्याचा गळा एकटा होता त्याला मंडळी हवी होती, आणि ज्याला मंडळींतच गातां येत होतें त्याला अखेर भजनांत एकटें बसावें लागलें. दैवाचे हे व्यवहार टीकाकारानें केवळ नोंदवावे.

मंडळी सोडून जे खरोखर निभावले ते मधल्या प्रकृतीचे होते. विनायकबुवा पटवर्धन दहा वर्षें बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहिले, आणि १९३२ सालीं बाहेर पडून त्यांनीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्यांनीं मंडळीच्या जागीं शाळा ठेवली. विष्णु दिगंबरांच्या शिष्याला तें शोभलेंही. पण त्यांचा विषय येथें लवकर संपतो, कारण बुवांचें मन रंगभूमीवर पाहुण्यासारखेंच राहिलें होतें. मास्टर कृष्णरावांचें तसें नाहीं. भास्करबुवा बखल्यांचा हा लाडका शिष्य, १९२२ सालीं बुवा गेल्यावर गंधर्व मंडळीच्या नाटकांना चाली देणारा. पुढें ते प्रभातमध्यें गेले. धर्मात्मा, माणूस, शेजारी या चित्रपटांचें संगीत त्यांचें. त्यांची मैफल ऐकणारे सांगत, आणि ध्वनिमुद्रिकाही तेंच सांगतात, कीं ते गात नसत, चाल रचीत असत. एका रागाच्या अंगणांतून दुसऱ्याच्या परसांत सहज डोकावून यावें, हंसावें आणि समेवर घरीं परतावें. त्यांना मंडळी सोडणें जड गेलें नाहीं, याचें कारण मला असें दिसतें, कीं मंडळीचा कारखाना त्यांच्या डोक्यांतच होता. ज्यानें चाल घडविली त्याला 'चाल ठेवून जा' असें कोण सांगणार?

पण प्रश्न खरा अवघड होतो तो हिराबाई बडोदेकरांपाशीं, आणि म्हणून त्यांच्याविषयीं मी थोडें अधिक बोलणार आहें. हिराबाई किराण्याच्या. अब्दुल करीमखांसाहेबांच्या कन्या, वहीदखांच्या शिष्या. त्या आरंभींच मैफलीच्या गायिका. स्त्रीनें तिकीट लावून जाहीर जलसा करावा, हें ज्या काळांत कोणाच्या कल्पनेंतही नव्हतें त्या काळांत त्यांनीं तें केलें. त्यानंतर त्या नाटकांत गेल्या. नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेंत भावंडांसह त्यांनीं सौभद्रासारखीं नाटकें केलीं, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेंच करण्याचा प्रघात ज्यांनीं घालून दिला त्यांत त्यांचें नांव घ्यावें लागतें. कंपनीला तोटा आला, ती बंद पडली, आणि हिराबाई परत मैफलींत आल्या. सामान्य चरित्रकार या नाट्यपर्वाला आडवळण समजतात. नट म्हणून त्या बेताच्याच होत्या, असें म्हणून पान उलटतात.

मला हें पान उलटवत नाहीं. हिराबाईंच्या आधीं मैफलींत बसणाऱ्या स्त्रीकडून लोक गाण्याबरोबर हावभावांची, अदेची अपेक्षा करीत. रंगभूमीवर पुरुष स्त्रीचे हावभाव करून मानमान्यता मिळवी. हिराबाई रंगभूमीवर गेल्या, तेथें जें करावयाचें तें केलें, आणि परत येऊन गालिच्यावर स्वस्थ बसल्या. अंगावर पदर, हात तंबोऱ्यावर, चेहरा शांत. अभिनय त्यांना अपरिचित नव्हता. तो करून पाहून त्यांनीं खालीं ठेवलेला होता. त्यामुळें मैफलीच्या अखेरीस त्या नाट्यपद घेत तेव्हां एक विलक्षण गोष्ट घडे. ज्या पदांत बालगंधर्व समोरच्याकडे पाहून थांबत, तेथें हिराबाई थांबत नाहींत. त्या स्वरावर टेकतात. धैर्यधराची रिकामी जागा त्या भरीतच नाहींत. ती रिकामीच ठेवून तिच्याभोंवतीं सूर फिरवितात. ऐकणाऱ्याला वाटतें, ही भामिनी आतां म्हातारी झाली आहे, आणि सारा मानापमान तिला दुरून आठवतो आहे. नाटक गेलें होतें. नाटकाची आठवण गात होती. मंडळी सोडलेल्या गळ्यानें मंडळीचें गाणें गावें तें असें, असें मला वाटतें. आणि याहून कमी प्रतीचें तें कांहीं गाणें नव्हे.

तथापि हा सर्व व्यवहार नाटक मंडळ्यांबरोबर संपला, असें कोणीं समजूं नये. माझी एक विद्यार्थिनी जपानी गाण्यांची मोठी चाहती आहे. तिनें मला हिमुरो क्योसुके या गायकाची हकीकत सांगितली व त्याचीं गाणीं ऐकविलीं. बोवी नांवाचा त्याचा चौघांचा रॉक बँड. १९८७ च्या नाताळाच्या आदल्या रात्रीं, कीर्ति शिखरावर असतांना, त्यांनीं रंगमंचावरूनच विसर्जन जाहीर केलें. १९८८ च्या एप्रिलांत टोकियो डोमच्या अफाट प्रेक्षागृहांत शेवटचे दोन जलसे झाले. आणि त्याच वर्षीं हिमुरोनें एकट्याच्या नांवानें गाणें काढलें. पुढें तो अत्यंत यशस्वी झाला. पण मला त्यांतलें सर्वांत बोलकें वाटलें तें असें: २०११ च्या मार्चांत जपानला भूकंप व समुद्राच्या लाटेनें ग्रासलें, तेव्हां जूनमध्यें त्याच टोकियो डोममध्यें त्यानें आपत्तिग्रस्तांसाठीं जलसा केला, आणि त्या जलशांत आरंभापासून अखेरपर्यंत जुन्या बँडचींच गाणीं गायिलीं. एकट्यानें मिळविलेलें वीस वर्षांचें भांडार त्यानें त्या दिवशीं बंद ठेवलें. जुने सोबती मात्र बरोबर नव्हते. मला ती भाषा कळत नाहीं आणि ते ढोलही माझ्या कानांना सोसत नाहींत. परंतु हजारों लोकांच्या तोंडीं तीं पदें येऊं लागलीं, तेव्हां सोबत्यांच्या जागीं कोण उभें आहे हें समजण्यास भाषेची गरज पडली नाहीं. दुःखांत माणसांना जें गाणें हवें असतें तें बहुधा मंडळीचें असतें.

आमच्याकडे याचें अधिक सौम्य उदाहरण गीतरामायणाचें. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून माडगूळकरांचीं तीं छप्पन गीतें निरनिराळ्या गळ्यांतून आलीं. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक त्यांत होते. पुढें सुधीर फडके तीं सारीं एकटेच गाऊं लागले, आणि लोकांना तीं त्यांच्याच आवाजांत पाठ झालीं. संगीतकार तेच असल्यानें हक्काचा प्रश्न निघाला नाहीं. तरी सीतेचें गीत त्यांच्या तोंडून ऐकतांना मूळ स्त्रीकंठाची उणीव मला भासते, आणि अनेक मित्रांना ती मुळींच भासत नाहीं. यावर आमचा वाद होऊन गेला आहे. तो येथें उकरीत नाहीं.

आतां एक कबुली. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, मी नवा अध्यापक असतांना, कॉलेजच्या समूहगानाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यांत एक मुलगा फार चांगला गात असे. युवक महोत्सवांत त्याला एकट्याचें गाणें द्यावयाचें होतें आणि त्यासाठीं तो समूह सोडूं म्हणत होता. मीं त्याला खोलींत बोलावून निष्ठेवर एक व्याख्यान दिलें. इंग्रजी वाङ्मयांतील दाखले दिले. माझी वाणी त्या दिवशीं चांगली चालली होती, असें मला आठवतें. तो मुलगा समूहांत राहिला. आम्हांला दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षीं त्यानें गाणें सोडलें, तें मग कधीं घेतलेंच नाहीं. पनवेल स्टेशनवर तो मला क्वचित् भेटतो, आदरानें नमस्कार करतो, आणि मी त्याला मुलाबाळांविषयीं विचारतों. गाण्याविषयीं विचारीत नाहीं. मीं त्याचें तेव्हां एकट्याचें गाणें एकदांही ऐकलें नव्हतें, ही गोष्ट मला फार उशीरां सुचली. ऐकल्याशिवाय निकाल देण्याचा जो दोष मीं वर टीकाकारांच्या माथीं मारला, त्याचा पहिला मानकरी मीच आहें.

म्हणून बुवा दुसऱ्यांदा आले तेव्हां मीं त्यांना म्हटलें, कीं आपण तें गाणें आधीं ऐकूं. त्यांनीं तें ऐकलेंच नव्हतें. लोकांनीं सांगितलें त्यावरच ते रागावले होते. मुलाला बोलावून घेतलें. त्यानें मोबाईल टेबलावर ठेवला. गळा सुरेख लागला होता. पण मला एक गोष्ट खटकली. मंडळांत जेथें मागचे टाळकरी झील धरतात, तेथें या मुलानें स्वतःचाच आवाज चार वेळां मुद्रित करून एकावर एक चढविला होता. चारही आवाज स्वच्छ, एकाच क्षणीं उठणारे, एकाच क्षणीं मिटणारे. मंडळाची झील अशी कधीं नसते. तींत कोणीतरी म्हातारा अर्धी मात्रा मागून येतो, कोणीतरी वर चढतो, आणि या ओबडधोबडपणावर पुढचा गजर पाय रोवून उडी घेतो. येथें उडी होती, जमीन नव्हती. मीं तसें बोलून दाखविलें. मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मागून येणारे ते बुवाच, सर. मी त्यांचं येणं पण करून बघितलं, जमलं नाही."

बुवांनीं मोबाईल कानाशीं धरला आणि गाणें पुन्हां लावावयास सांगितलें. दुसऱ्या खेपेस त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरूं लागला. झिलेच्या जागीं तो नेहमींप्रमाणें किंचित् मागाहून पडला. गाणें संपल्यावर त्यांनीं मोबाईल मुलाच्या हातीं दिला.

"दुसऱ्या कडव्याला घाई केलीस," ते म्हणाले.

चाल कोणाची, तें त्या दिवशीं कोणीच काढलें नाहीं.